कढीचा पट्टा

“गोळ्या टाकल्या की आठ दिवसांत गोगलगायी साफ,” दुकानदार म्हणाला. “फक्त घरात कुत्रंबित्रं नाही ना?”

“दोन आहेत,” हे म्हणाले.

“मग बांधून ठेवा. ह्या गोळ्यांना कोंड्याचा वास असतो, कुत्री आवडीने खातात. खाल्ल्या की अंग ताठ होतं, तोंडाला फेस येतो. वाचणं कठीण.”

ह्यांनी हातातलं पाकीट परत काउंटरवर ठेवलं. आम्ही बाहेर पडलो, मी छत्री उघडली आणि संगमेश्वरच्या स्टँडपर्यंत दोघं एका छत्रीतून चालत गेलो. त्या वर्षी आम्ही फारसं बोलत नव्हतो.

आमचं घर गावाबाहेर, नदीच्या अंगाला. घरामागे आठ गुंठ्यांची परसबाग. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस तिथेच जायचा. पडवळाचा मांडव, काकडी, भेंडी, माठ, कडेने अबोली. त्या जुलैत बागेत गोगलगायी आल्या, एकेक मुठीएवढी. रात्रीत माठाचे वाफेच्या वाफे उडायचे, सकाळी नुसत्या काड्या उभ्या. हे पहाटे उठून मिठाच्या पाण्याची बादली घेऊन फिरत. बादली भरायची, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पुन्हा.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. आदल्या श्रावणात आमची निशी गेली होती. निशिगंधा. रत्नागिरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. चार दिवसांच्या तापात गेली, वीस पुरी व्हायच्या आत. लोक म्हणायचे, प्रमिलावहिनी फार धीराच्या, डोळ्यांतून टिपूस नाही. धीर कसला. दात काढायच्या आधी सुई देतात तेव्हा गालाचं जे होतं, ते माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. कुणी हात लावला तर हात लावला एवढं कळायचं.

दोन कुत्र्यांपैकी शेरू म्हातारा, ह्यांचा. दात पडलेले, कान बहिरे होत आलेले, दिवसभर पायरीवर पडून. दुसरी कढी. निशीने दहावीत असताना पुलाखालून उचलून आणलेलं पिल्लू. रंग पिवळट, मधेच पांढरं, म्हणून निशीनेच नाव ठेवलं कढी. पाच वर्षांची झाली होती. काटक, चपळ, घूस दिसली की दोन उड्यांत पकडणारी.

गोळ्या घेतल्या नाहीत त्या कढीसाठी, हे मला दुकानातच समजलं होतं.

नदीकाठच्या हलीमाबीकडे तीसचाळीस कोंबड्या असायच्या. दोन दिवसांनी ती अंडी द्यायला आली तेव्हा ह्यांनी तिला बाग दाखवली. तिने एक गोगलगाय उचलून उलटी केली, टाकून दिली.

“बदकं पाळा भाऊ,” ती म्हणाली. “कोंबडी वाळवी खाते, अळ्या खाते, बारकी गोगलगाय खाते. मोठीच्या वाटेला जात नाही. बदकाला मात्र बेदाण्यासारखी लागते ती. चार बदकं आणि पाचसहा कोंबड्या सोडा, दिवाळीला मला काकड्या द्याल.” मग तिने पायरीकडे पाहिलं. “पण ही पिवळी काय करायची?”

“शिकवीन तिला,” हे म्हणाले.

“पिसं फडफडली की कुत्र्याच्या जातीला राहवत नाही. आमच्याकडे तीन झाली अशी. एकदा तोंडाला लागलं की पुन्हा करतंच.”

“बघू.”

आठवड्याभरात ह्यांनी जाळी आणली, पत्रे आणले, वर्कशॉपमधल्या हाताने नीटस खुराडं बांधलं. दाराला वरून पडणारी कडी केली, मुंगसाने ढकलली तरी उघडू नये अशी. हलीमाबीने सहा कोंबड्या आणि चार बदकं दिली. पहिले आठ दिवस कढी जाळीबाहेर थरथरत उभी असायची. तोंडातून लाळ गळायची, डोळे बदकांवरून हलायचे नाहीत.

मग ह्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. पाखरं बाहेर सोडायची आणि तिला घेऊन त्यांच्यामधून फिरायचं. तिने कान टवकारले की थांबायचं. “नाही,” एवढंच म्हणायचं, हळू आवाजात. ती खाली बसली की खिशातून सुक्या मासळीचा तुकडा द्यायचा. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. आयुष्यभर इंजिनं उघडून बसलेला माणूस, घाई म्हणून नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. निशी गेल्यापासून ह्यांचा आवाज मी जेवढा ऐकला त्यातला अर्धा त्या कुत्रीशी बोलतानाचा होता.

एकदा कढीने हिसडा मारला, हे पडले, गुडघा फुटला. उठून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

गणपतीपर्यंत कढी मांडवाखाली पडून राहायला शिकली. बदकं तिच्या नाकासमोरून रांगेने जायची. एक तपकिरी कोंबडी तर शेरूच्या पाठीवर चढून ऊन खायची. गोगलगायी कमी होत होत संपल्या. माठ वर आला, पडवळं लोंबायला लागली. हलीमाबी आली की कढीकडे बघून मान हलवायची.

“मानलं भाऊ.”

“मी समोर असेन तेव्हाच,” हे म्हणायचे. “मी नसताना तिचा भरवसा नाही. तिचा दोष नाही तो.”

दसरा झाल्यावर ह्यांना डोळे तपासायला रत्नागिरीला जायचं होतं. सकाळी सातची गाडी. त्यांनी पाखरांना खुराड्यातच दाणापाणी घातलं, कढीला पडवीच्या खांबाला साखळीने बांधलं.

“चारच्या गाडीने येतो,” ते म्हणाले. “आल्यावर मी सोडीन सगळ्यांना. तू काही करू नकोस.”

“बरं,” मी म्हणाले.

दुपारी जेवून, भांडी घासून मी आतल्या खोलीत आडवी झाले. तीनच्या सुमाराला शेरू भुंकायला लागला. कितीतरी दिवसांत भुंकला नव्हता तो. बराच वेळ भुंकत राहिला.

मी बाहेर आले तेव्हा खुराड्याचं दार उघडं होतं. चारही बदकं मेली होती आणि तीन कोंबड्या. उरलेल्या तीन मांडवावर चढून बसल्या होत्या. माठाच्या वाफ्यात पिसं पसरली होती. कढी मांडवाखाली, तिच्या नेहमीच्या जागी, पुढचे पाय लांब करून बसली होती. तोंड लाल होतं. मला बघून तिने शेपूट हलवलं, मग हलवायचं थांबवलं.

शेरू दमून पायरीवर पडला होता. मी पडवीत खुर्ची घेऊन बसले. काही उचललं नाही, काही झाकलं नाही.

हे चार वाजता आले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे त्यांना नीट दिसत नव्हतं. फाटकातून आत आले, वाफ्यापाशी थांबले, वाकून एक पीस उचललं. मग खुराड्याकडे गेले. मग पडवीत. खांबाला साखळी लोंबत होती आणि साखळीला पट्टा होता, तसाच, बक्कल सुटलेलं. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“कधी झालं?”

“तीन वाजता.”

“तू कुठे होतीस?”

“आत. पडले होते.”

त्यांनी पट्ट्याची भोकं अंगठ्याने चाचपली. “ढिला बांधला मी,” म्हणाले. “सकाळी गाडीची घाई होती. बक्कलमध्ये काडी बसलीच नसेल.” थोड्या वेळाने म्हणाले, “आणि दाराची कडीही मीच टाकली नसेन. दाणा घालून आलो तसाच निघालो. वय झालं माझं.”

मी ऐकून घेतलं.

त्यांनी फावडं घेतलं आणि चिकूच्या मागे खड्डा खणला. सात पाखरं एकेक करून ठेवली. कढीला हाक मारली नाही, ओरडले नाहीत, मारलंही नाही. संध्याकाळी तिचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं आणि पट्टा घातला. चहा घ्यायलाही आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हलीमाबी आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

“माझ्या पाखरांचं जाऊ दे भाऊ,” म्हणाली. “पण आता ती ऐकणार नाही. ह्या तीन राहिल्यात त्याही जातील, मग माझ्या दारात येईल. तळवड्याच्या सुर्व्यांना बागेत राखण हवीय. माकडं फार झालीत त्यांच्याकडे. त्यांना कुत्री द्या.”

“बांधून ठेवतील तिला,” हे म्हणाले.

“दिवसा बांधतील. बागेला कुंपण कुठेय.”

हे माझ्याकडे वळले. “तुला काय वाटतं?”

“तुम्ही ठरवा,” मी म्हणाले.

त्यांनी ठरवलं. दोन दिवसांनी सुर्व्यांचा टेम्पो आला. त्याआधी सकाळी ह्यांनी कढीला विहिरीवर आंघोळ घातली, कानातल्या गोचड्या काढल्या. निशी तिच्या अंगावर घालायची ती जुनी ओढणी अंथरायला दिली. टेम्पोचं फाळकं पडलं तशी कढी स्वतःच उडी मारून चढली. तिला गाडीत बसायला आवडायचं. टेम्पो वळणावरून गेला, हे बागेत गेले. मी भात लावला.

ती सगळी दुपार शांत होती. मी धुणं घडी केलं. सुपारी कातरली. मला वाटत होतं की आता बरं वाटेल, आणि मी त्याची वाट बघत होते.

साडेसहाला वळणावर देवरुखच्या गाडीचा हॉर्न वाजला.

निशी दर शनिवारी त्या गाडीने घरी यायची. वळण आंधळं आहे म्हणून ड्रायव्हर हॉर्न देतो. तो ऐकला की कढी कुठेही असली तरी उठून फाटकाशी जायची, पुढचे पाय खालच्या पट्टीवर ठेवून रस्त्याकडे बघत उभी राहायची. निशी होती तेव्हाही आणि गेल्यानंतरही. शनिवार की सोमवार हे तिला कळत नव्हतं, रोज जायची. वर्षभर, एक दिवस न चुकता. गाडी थांबायची, कुणी उतरायचं, नाहीतर कुणी उतरायचं नाही. कढी आणखी थोडा वेळ उभी राहायची. मग परत यायची आणि निशीच्या खोलीच्या उंबऱ्यावर अंग टाकायची. ते अंग टाकल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी तेव्हा भाकरी करत असायची. मला रोज त्या वेळी, रोज एकदा, कुणी आलं नाही हे ऐकायला लागायचं.

बाकी सगळं मला बधिरपणे चालत होतं. हे एक चालत नव्हतं.

त्या दिवशी हॉर्न वाजला आणि अंगणात काहीच हाललं नाही. शेरूला ऐकू येत नव्हतं. गाडी थांबली, दार आपटलं, गाडी निघाली. मला हवं होतं ते हेच. आणि मग मला दिसलं की मी फाटकाशी उभी आहे. हाताला पीठ. पडवीची पायरी उतरल्याचं, अंगण ओलांडल्याचं मला आठवेना. मी रस्त्याकडे बघत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मागून हे आले, हातात पाण्याचा झारा.

“कुणी यायचंय का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “पट्टा ढिला नव्हता.”

“काय?”

“पट्टा तुम्ही नीट बांधला होता. मी काढला. खुराड्याचं दारही मी उघडलं. मग आत जाऊन पडले.”

त्यांनी झारा खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“का?”

“ती रोज इथे यायची म्हणून.”

रस्त्यावरून सायकलवर कुणी गेलं, त्याने ह्यांना हात केला, ह्यांनीही केला.

“मला सांगायचं,” ते म्हणाले. “मी दिली असती तिला कुणाला.”

“नसती दिली तुम्ही.”

त्यांनी विचार केला. “नसती,” म्हणाले.

मग ते पडवीत जाऊन बसले. मी ताट वाढलं, ते तसंच राहिलं. मीही जेवले नाही.

सकाळी उठले तेव्हा हे कपडे करून, चपला घालून दारात उभे होते. “चल,” म्हणाले. एवढंच. आम्ही पहिल्या गाडीने तळवड्याला गेलो. सुर्व्यांची बाग रस्त्यापासून आत, चढावर. कढी एका काजूच्या झाडाला बांधलेली होती. अंथरायला दिलेली ओढणी तिने गोळा करून पोटाखाली घेतली होती. समोर भाताची थाळी होती, तिला मुंग्या लागलेल्या. आम्हाला बघून ती उठली नाही. हे जवळ जाऊन बसले तेव्हा तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

“कालपासून तोंड लावलं नाही बघा,” सुर्वे म्हणाले. भला माणूस होता. “घेऊन जा. अशी राहायची नाही ती.”

हे उठून बाजूला झाले आणि माझ्याकडे बघत राहिले. पट्टा मीच सोडायचा होता. मी वाकले. कढीने माझा हात हुंगला, कुठलाही हात हुंगावा तसा, आणि मान पुढे केली. बक्कल घट्ट होतं. मला ते पटकन सोडवता येईना.

परतीच्या गाडीत कंडक्टरने कुत्री घेतली नाही. अकरा किलोमीटर. आम्ही चालायला लागलो. हे पुढे, कढी मधे, मी मागे. दोनेक किलोमीटर गेल्यावर त्यांनी मागे न वळता विचारलं, “झोपली होतीस का?”

“नाही.”

“आवाज येत होता?”

“हो.”

“किती वेळ?”

“शेरू भुंकायचा थांबला तोपर्यंत.”

त्यानंतर त्यांनी त्या गोष्टीबद्दल कधी काही विचारलं नाही. पुढे तेरा वर्षं आमचा संसार झाला. भांडणंही झाली, कधी मोठी, पण ते त्यांनी बाहेर काढलं नाही. हलीमाबीला खरं मी सांगितलं. ती दोन महिने आली नाही, मग एक दिवस टोपलीत बदकाची सहा पिल्लं घेऊन आली. कढीने नंतर एकही पाखरू मारलं नाही, कारण तिला आम्ही एकटं सोडलंच नाही. बाराव्या वर्षी म्हातारी होऊन ती मेली. हे सगळं झालं ते हळूहळू झालं, आणि त्यातलं बरंचसं आता एकात एक मिसळून गेलंय. तो चालत आलो तो दिवस मात्र वेगळा राहिलाय.

अर्ध्या वाटेवर, पऱ्ह्याच्या पुलाजवळ, एका बाईचं चहाचं खोपटं होतं. आम्ही बाकावर बसलो. कढी ह्यांच्या पायाशी बसली, जीभ बाहेर. बाईने चहा ठेवला, करवंटीत पाणी आणून कढीपुढे सरकवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“गुणाची दिसते. कुणाची, तुमची?”

अशा वेळी हे बोलायचे. वर्षभर तेच बोलत आले होते, दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या घरी, कुणी विचारलं की पुढे होऊन दोन शब्दांत सांगून टाकायचे, म्हणजे मला बोलायला लागू नये. मी वाट बघितली. ते हातातल्या ग्लासाकडे बघत राहिले.

“आमच्या मुलीची,” मी म्हणाले.

“मुलगी सासरी असते का?”

“नाही. वारली ती. गेल्या वर्षी, श्रावणात.”

हे मी आधी कधीच म्हटलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा नाही. माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

बाईचा हात कढीच्या पाठीवरच राहिला. “नाव काय होतं?”

“निशिगंधा.”

“निशिगंधा,” बाई म्हणाली.

मी ग्लास उचलला. तो कलंडला आणि चहा मनगटावर सांडला, उकळता. पोळलं. चांगलंच पोळलं, आणि मी हात झटकला नाही, नुसती बघत राहिले, कारण मला ते दुखत होतं.

ह्यांनी माझ्या हातातून ग्लास काढून घेतला. बाईकडून बशी मागितली, अर्धा चहा बशीत ओतला, आणि बशी दोन्ही हातांनी माझ्या तोंडापुढे धरली.

“फुंकून पी,” ते म्हणाले.